गाडीनेच येताय ना? मग एवढं वाचा

होळी झाली की आमच्या अंबाडीला दोन गोष्टी सुरू होतात. एक लग्नसराई आणि दुसरी म्हणजे बडोद्याच्या, सुरतेच्या पाहुण्यांचे फोन. पूर्वी ही सगळी मंडळी रेल्वेने यायची, वसई-विरारला उतरून वज्रेश्वरीमार्गे एसटीने धक्के खात घरी पोचायची. आता प्रत्येकाच्या दारात गाडी आहे. त्यामुळे हल्ली फोनवर पहिला प्रश्न "मुहूर्त कधीचा?" हा नसतो. "रस्ता कसा आहे?" हा असतो.

मी दरवर्षी तेच उत्तर देतो. रस्ता जसा होता तसा आहे. कुठे डांबर, कुठे काँक्रीट, कुठे नुसतंच डायव्हर्जन. भिवंडी-वाडा-मनोर रस्त्याची कीर्ती एव्हाना तुमच्यापर्यंत पोचली असेलच, खड्ड्यांसाठी इथे किती वेळा रास्ता रोको झाले याची मोजदाद मी सोडून दिली आहे. पण खड्डा निदान दिसतो तरी. न दिसणारी गोष्ट म्हणजे रस्त्याची रीत. ती कुठल्याच पाटीवर लिहिलेली नसते आणि मोबाइलमधली नकाशावाली बाईही सांगत नाही. यंदा आतेभावाने "एकदाच काय ते सगळं लिहून काढ" असं फर्मावलं, म्हणून हा प्रपंच. त्याच्यासाठी आहे, पण बाहेरून येणाऱ्या कुणालाही चालेल.

सुरुवात सीमेपासून करू. बडोदा, सुरत, वापी करत तुम्ही येता, भिलाड मागे पडतं आणि तलासरीच्या आधी महाराष्ट्र सुरू होतो. कायद्याने तिथे काहीच बदलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८चा, तोच इथे आणि तोच तिथे. लायसन्स तेच, फास्टॅग तोच, आणि अपघात झाला तर रुग्णवाहिकेचा नंबरही तोच, १०८. गुजरातेत ही सेवा २००७ मध्ये सुरू झाली, आपल्याकडे २०१४ मध्ये. आणि ही सीमा तरी कुठे फार जुनी आहे? १ मे १९६० पर्यंत दोन्हीकडे मिळून एकच मुंबई राज्य होतं. उंबरगाव तालुका तोवर आपल्या ठाणे जिल्ह्यात होता. म्हणून तर बसला दोन्हीकडे 'एसटी'च म्हणतात. फरक एवढाच, की त्यांच्या एसटीवर 'सलामत सवारी' असते आणि आपल्या एसटीचं ब्रीद 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय'.

मग बदलतं काय? तर खुणांचे अर्थ बदलतात. आणि ते अच्छाडच्या नाक्यावर नाही, मनोरला महामार्ग सोडून वाड्याकडे डावीकडे वळलात की बदलतात.

त्याआधी महामार्गावरची एक गोष्ट, कारण ती आपल्या घरातल्या सवयीबद्दल आहे. आपल्याकडे पुढे बसणारा पट्टा लावतो आणि मागे बसणारी आत्या, मामी, मुलं, "मागे कशाला लागतो?" म्हणून मोकळी बसतात. याच महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची गाडी धडकली. गाडीत चौघे होते. मागच्या सीटवरचे दोघे गेले, आणि त्या दोघांनीही पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. गाडी साधीसुधी नव्हती, महागातली होती. मागच्या सीटलाही पट्टा कायद्याने सक्तीचा आहेच, पण कायद्याचं जाऊ द्या. आत्याला सांगा, की तो पूल तुमच्या वाटेवरच आहे.

आता खुणा. सगळ्यात आधी डिपर. परदेशातून आलेले आपले लोक इथेच गोंधळतात. इंग्लंडात समोरच्याने दिवा लुकलुकवला की बहुतेक लोक "तुम्ही जा आधी" असा अर्थ घेतात. आपल्याकडे त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे: "मी येतोय, तू थांब." अरुंद मोरीवर दोन गाड्या समोरासमोर आल्या की ज्याने आधी डिपर दिला तो आधी जाणार. यात भांडण नसतं, अपमानही नसतो. तुम्ही थांबलात म्हणून समोरचा हात वर करेल, तेवढंच.

मग इंडिकेटर. पुढच्या ट्रकचा उजवा दिवा लागला तर त्याचे आमच्याकडे निदान तीन अर्थ होतात. तो उजवीकडे वळतोय. किंवा, समोरून गाडी येतेय, आता ओव्हरटेक करू नको. किंवा, पुढे खड्डा आहे आणि मी तो उजवीकडून चुकवतोय. काही ड्रायव्हर मागच्याला वाट द्यायला डावा दिवा देतात, काही खिडकीतून हात हलवतात. हात हलवण्याची पद्धत ड्रायव्हरांनी शोधलेली नाही बरं का! १९८९च्या रस्त्याच्या नियमांमध्ये मागच्याला पुढे जाऊ देण्यासाठी उजवा हात बाहेर काढून मागे-पुढे हलवावा असं चक्क लिहिलेलं होतं. पण दिव्याचा अर्थ ज्याचा त्याला माहीत, आणि आपण अर्थ चुकीचा लावला तर विचारायला वेळ नसतो. म्हणून माझा नियम साधा आहे. दुसऱ्याचा दिवा ही बातमी समजायची, परवानगी समजायची नाही. स्वतःच्या डोळ्यांना समोरचा रस्ता रिकामा दिसल्याशिवाय ट्रकच्या पुढे जायचं नाही.

आणि हो, चौकात सरळ जायचंय म्हणून चारही इंडिकेटर लावायची जी सवय आहे ना, ती दोन्ही राज्यांत सारखीच आहे आणि दोन्हीकडे सारखीच घातक आहे. डावीकडून येणाऱ्याला तुमचा फक्त डावा दिवा दिसतो, उजवीकडच्याला फक्त उजवा. प्रत्येकाला वाटतं तुम्ही आपल्याच बाजूला वळताय. सरळ जायचं असेल तर काहीही न लावता सरळ जावं.

हॉर्नचं थोडं वेगळं आहे. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये मालवाहू गाड्यांच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' बंद केलं, उगाच हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून. ते बरोबरच झालं. पण आमच्या रस्त्याला जिथे वळणावर झाडी आडवी येते तिथे एक छोटा हॉर्न देणं हे सभ्यपणाचं लक्षण मानतात. लांबलचक भोंगा मात्र शिवीसारखा लागतो. शिकायला एक उन्हाळा पुरतो.

पत्ता विचारायची रीतही सांगून ठेवतो. तुमच्याकडे हमरस्त्यावरून गावात शिरायच्या जागेला 'पाटिया' म्हणतात आणि चौकाला 'चार रस्ता'. आमच्याकडे गावात शिरायचा तो 'फाटा' आणि चार दुकानं, पानटपरी, वडापाव, रिक्षा जिथे जमतात तो 'नाका'. 'नाका' ऐकून टोल शोधू नका. अंबाडी नाका म्हणजे भिवंडी-वाडा रस्त्याला जिथे वज्रेश्वरीचा रस्ता मिळतो ती जागा. वाड्याकडून आलात तर तो रस्ता उजव्या हाताला लागेल. आता हाच 'उजवा' शब्द! बडोद्याकडच्या आपल्या पोरांच्या तोंडी 'डाबी' आणि 'जमणी' बसलेलं आहे. डाबी म्हणजे डावी हे कुणालाही कळतं, पण जमणी म्हणजे उजवी, ज्या हाताने जेवायचं तो हात, हे इथल्या पानवाल्याला कसं कळणार? त्याला वाटतं तुम्हाला काहीतरी जमत नाहीये :-) गाडीत बसून "ओ, शुक शुक" करू नका. काच खाली घ्या, "दादा" म्हणा, बाई असेल तर "मावशी" म्हणा, आधी रामराम घाला. मग माणूस नुसता रस्ता सांगत नाही, दोन पावलं चालून दाखवायला येतो. फक्त "हे काय, इथंच पुढं" या उत्तरावर विसंबून पेट्रोल संपवू नका. 'इथंच पुढं' म्हणजे अर्ध्या किलोमीटरपासून सहा किलोमीटरपर्यंत काहीही.

आता रस्त्यावर काय काय भेटेल त्याची यादी. एक म्हणजे हळद. आमच्या भिवंडी-ठाण्याच्या पट्ट्यात, विशेषतः आगरी घरांत, लग्नापेक्षा हळद मोठी. रात्री बँड, जेवणावळी, नाच, आणि अंगण पुरलं नाही की मांडव रस्त्यावर येतो. गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वसलेलं असतं, त्यामुळे रस्ता हेच सगळ्यांचं सामायिक अंगण. बाहेरच्या माणसाला हे अडवणूक वाटतं आणि थोडं आहेही. पण हॉर्न मारून मांडवातून वाट मिळत नाही. दिवे कमी करून थांबा, कुणीतरी पोरगा पुढे येतो, खुर्च्या सरकवतो, हाताने दिशा दाखवत गाडी काढून देतो. कधीकधी सरबतही देतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वज्रेश्वरीची यात्रा. चैत्र अमावास्येला भरते. १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतल्यावर चिमाजी अप्पांनी नवसाप्रमाणे देवीचं देऊळ बांधवलं, त्या देवीची ही यात्रा. त्या दोन-तीन दिवसांत शिरसाड-पारोळकडून वज्रेश्वरीमार्गे यायचा विचार करू नका, मनोर-वाड्याकडूनच या. एरवी शिरसाडचा रस्ताही बरा आहे, आणि वाटेत अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. आत्याच्या गुडघ्यांना आवडतील.

तिसरी गोष्ट पेंढ्याचा ट्रक. भाताचा भाग आहे, वाडा कोलमचं नाव तुम्ही ऐकलंच आहे. भात निघाल्यावर पेंढा आणि गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जातं. ट्रक दोन्ही बाजूंनी इतका फुगलेला असतो, की त्याला आरशात मागचं काहीही दिसत नाही. तुमचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही, तुमचा डिपर त्याला दिसत नाही. त्याच्यामागे रागावून उपयोग नाही. चांगलं दोन गाड्यांचं अंतर सोडा आणि गाणी लावा.

चौथी गोष्ट पोस्त. शिमग्याच्या दिवसांत आलात तर रस्त्यात पोरंपोरी दोरी किंवा साडी आडवी धरून उभी असतील. बायकाही असतात. घाबरू नका, ही लूटमार नाही. सणाचं पोस्त मागायची ही इथली जुनी रीत आहे. तुमच्या बाजूला डांगातही होळीला असाच 'फाग' मागतात, म्हणजे या बाबतीत डांग आणि वाडा एकाच घरचे. वेग कमी ठेवा, सुटे पैसे हाताशी ठेवा, द्या आणि पुढे व्हा. दोरी लांबून दिसत नाही आणि ती धरणारं पोर रस्त्याच्या अगदी कडेला असतं. त्या चार-आठ दिवसांत वेगात येणारी गाडी पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो.

तुमच्याकडे येताना आम्हीही असंच शिकतो. उत्तरायणाच्या दिवसांत मी पहिल्यांदा सुरतेला आलो तेव्हा प्रत्येक स्कूटरच्या पुढे लोखंडी तारेची कमान पाहून मला ती एखादी शोभेची वस्तू वाटली होती. नंतर कळलं, की कापलेल्या पतंगाच्या मांज्याने गळा चिरू नये म्हणून ती लावतात, आणि १४-१५ जानेवारीला दुचाक्यांना उड्डाणपुलांवर मज्जाव असतो तोही त्याचसाठी. नायलॉनच्या मांज्यावर हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो येतोच. त्या कमानीचं कारण कळल्यावर मला ती कमान कधी हास्यास्पद वाटली नाही. भादरवी पुनमेला अंबाजीला पायी जाणारे हजारो लोक, त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला लागलेले चहा-जेवणाचे मांडव, हे पाहूनच मी तिकडे रात्रीची गाडी चालवताना डावीकडे नजर ठेवायला शिकलो. आणि दारूबंदीचं सांगायलाच नको. १९४९चा मुंबईचा दारूबंदी कायदा आपण इकडे सैल केला, गुजरातने राज्य झाल्यापासून धरून ठेवला. सीमेवरचे आरटीओचे नाके गुजरातने २०१९ मध्ये काढले, पण पोलिसांची तपासणी असते. हळदीच्या रात्री कुणी प्रेमाने डिकीत 'काहीतरी' ठेवायला लागला तर नम्रपणे नको म्हणा. इथला प्रेमाचा आहेर वलसाडला गुन्हा होतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट.

मागे एकदा मी एका पाहुण्याच्या गाडीत बसून कुडूसकडून येत होतो. संध्याकाळ कलली होती. पुढे डोक्यावर मोळ्या घेतलेल्या चार बायका एकामागे एक चालल्या होत्या, डांबराच्या अगदी कडेने. पाहुण्याने हॉर्न दिला. त्या सरकल्या नाहीत. त्याने पुन्हा दिला, जास्त लांब. तरी नाही. तो वैतागून म्हणाला, "इथल्या लोकांना रस्त्यावर चालायची अक्कलच नाही." माणूस वाईट नव्हता, दिवसभर गाडी चालवून दमला होता. पण मला त्याचं बोलणं लागलं, आणि मी त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली.

खाली उतरून त्याला डांबराची कड दाखवली. पावसाने साइडपट्टी वाहून गेली होती, डांबर आणि माती यांत चांगला वीतभर उतार होता. डोक्यावर ओल्या लाकडांची मोळी असताना तो उतार उतरायचा म्हणजे पाय मुरगळणार, नाहीतर मोळीसकट खाली पडणार. शिवाय मोळी डोक्यावर असली की मान वळत नाही. मागून येतंय ते ट्रक आहे की स्कूटर, किती लांब आहे, आपल्याला चुकवून जाणार आहे की नाही, हे बघायला तिला मान वळवावी लागणार, आणि ती वळत नाही. मग ती काय करते? जमेल तेवढी सरळ रेषेत चालत राहते. कारण ती सरळ चालली तरच मागच्याला तिला चुकवता येतं. हॉर्न ऐकून ती इकडे तिकडे झाली असती तर जास्त धोका होता. म्हणजे अक्कल होती, ती आपल्याला दिसली नव्हती.

पाहुणा काही बोलला नाही. पण पुढच्या सगळ्या रस्त्यावर त्याने माणूस दिसलं की वेग कमी केला आणि लांबून वळसा घेतला, हॉर्न न देता.

तेव्हापासून मला वाटतं, की परक्या मुलखात गाडी चालवताना जी सवय सगळ्यात वेडगळ दिसते, तिथेच एकदा थांबून "हे असं का?" म्हणून विचारावं. बहुतेक वेळा उत्तर रस्त्यातच सापडतं. दोरी धरणारं पोर, मांडव, पेंढा, मोळी, सगळ्याला कारण आहे. ती कारणं सगळी चांगलीच आहेत असं मी म्हणत नाही. साइडपट्टी नसणं हे काही संस्कृतीचं लक्षण नाही, ती भरायला हवी आणि आम्ही ते मागतही असतो. पण ती भरेपर्यंत त्या बायका उद्याही त्याच कडेने चालणार आहेत. वीटभट्टीवरून परतणारी कातकरी कुटुंबं चालणार आहेत, पोरं कडेवर घेऊन. कुडूसच्या कारखान्यांतून दुसरी पाळी सुटली की अंधारात बिनदिव्याच्या सायकली येणार आहेत. गाडीत बसणाऱ्यांच्या खुणा आपण एकमेकांच्या शिकून घेतो, डिपर काय नि हात काय. पण चालणाऱ्याच्या हातात खूण करायला काहीच नसतं. त्याच्या वाटचं सगळं ओळखायचं काम गाडीवाल्याचं.

आणि देव न करो, पण कुणी पडलेलं दिसलं तर थांबा. "पोलिसांचं लफडं नको" म्हणून पुढे जायचे दिवस गेले. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बजावलं आणि २०१९च्या दुरुस्तीने ते थेट मोटार वाहन कायद्यातच आलं. मदत करणाऱ्यावर स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती नाही.

तर थोडक्यात सांगायचं म्हणजे, बडोद्याहून पहाटेच निघा. दुपारचं जेवण वापीच्या अलीकडे-पलीकडे उरका. मनोर चार वाजेपर्यंत गाठा, म्हणजे वाडा-कुडूसचा टप्पा उजेडात होईल. उशीर झालाच तर अंधारात येऊ नका, मनोरलाच मुक्काम करा. हळद चुकली तरी चालेल, लग्न दुसऱ्या दिवशी आहे. मागच्या सीटचे पट्टे सीटखाली गेले असतील ते निघण्याआधी बाहेर काढून ठेवा. नाक्यावर आलात की फोन करा, मी वज्रेश्वरीच्या रस्त्याच्या तोंडाशी उभा असेन. आणि आत्याला सांगा, पुढच्या सीटवर बसायचा हट्ट असेल तर तोही चालेल, पण पट्टा लावून.